मेमी स्मिथ आणि बेसी स्मिथ : आडनाव एक, गायकी वेगळी

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी. त्यांची पहिली गाजलेली रेकॉर्ड कुणाची, असं विचारलं की बरेच जण बेसी स्मिथचं नाव घेतात. तो मान मेमी स्मिथचा आहे. दोघी कृष्णवर्णीय अमेरिकन, दोघी एकाच काळातल्या, दोघींचं आडनाव स्मिथ; नातं मात्र काहीच नाही. त्यात मेमीला ‘ब्लूजची राणी’ म्हणायचे आणि बेसीला ‘ब्लूजची सम्राज्ञी’, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

मेमी सिनसिनाटीची. न्यूयॉर्कच्या रंगमंचांवर आणि कॅबरेंत हर तऱ्हेची गाणी म्हणायची. गीतकार पेरी ब्रॅडफर्ड ओके या रेकॉर्ड कंपनीच्या मागेच लागला आणि 10 ऑगस्ट 1920 रोजी तिच्या आवाजात ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित झालं. कृष्णवर्णीय गायिकेनं गायलेली ब्लूजची ही पहिली रेकॉर्ड. ती धडाधड खपली, तेव्हा कुठे कंपन्यांच्या लक्षात आलं की काळे लोकही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात. पुढे ज्यांना स्टुडिओचं दार उघडलं, त्यांत बेसीही होती.

बेसी टेनेसीतल्या चॅटानूगाची. लहानपणीच आईवडील गेले. भाऊ गिटार वाजवायचा, ही रस्त्यावर गायची. मग गाण्या-नाचाचे खेळ करणाऱ्या फिरत्या कंपनीत मा रेनी या ज्येष्ठ ब्लूज गायिकेचा सहवास मिळाला आणि दक्षिणेतल्या तंबूंत तिचा गळा तयार झाला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘डाउनहार्टेड ब्लूज’ तिनं गायलं ते 1923 मध्ये, मेमीनंतर तब्बल अडीच वर्षांनी.

खरा फरक कानानं कळतो. मेमीचे शब्द स्वच्छ, फेक नाटकी, चाल बँडच्या ठेक्याबरोबर पुढे पळणारी. बेसी घाई करत नाही. मोजकेच स्वर घेते, पण एकेका स्वराला खालून उचलते, मोडते, पिळते. जानेवारी 1925 मधलं तिचं ‘सेंट लुईस ब्लूज’ जरूर ऐका. साथीला जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य, आणि फ्रेड लाँगशॉची हार्मोनियम. होय, आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्याच कुळातली. पेटी सूर धरून ठेवते, बेसी ओळ टाकते आणि ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत कॉर्नेट तिला उत्तर देतं. मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून गायचं. तरी तिचा श्वास जाणवतो. माझ्या मते पहिलेपण मेमीचं, पण ब्लूज गावं कसं हे बेसीनं दाखवलं.

बेसी 26 सप्टेंबर 1937 रोजी मिसिसिपीत मोटार अपघातानंतर गेली. गोऱ्यांच्या इस्पितळानं तिला परत पाठवलं, ही गोष्ट अजून सांगितली जाते. अपघातस्थळी असलेल्या डॉक्टरांनीच ती खोडून काढली होती. तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या इस्पितळात नेलं होतं. मेमी 1946 मध्ये गेली. दोघींच्या थडग्यांवर वर्षानुवर्षं नावाचा दगड नव्हता. बेसीच्या थडग्यावर तो 1970 मध्ये बसला, रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीन यांच्या पैशानं. मेमीला 2013 पर्यंत थांबावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या रेकॉर्ड शोधताना नुसत्या लेबलवर जाऊ नका. ओके म्हणजे मेमी असं समजाल, तर 1933 मध्ये बेसीनं शेवटची चार गाणी गायली तीही ओकेसाठीच. शिवाय क्लारा स्मिथ आणि ट्रिक्सी स्मिथ याही त्याच काळातल्या ब्लूज गायिका, म्हणून पहिलं नाव आणि साल दोन्ही बघा.