‘प्री-मेड’ आलं कुठून?

अमेरिकेतली भाची ‘प्री-मेड करतेय’ असं कानावर आलं की इकडच्या नातेवाइकांना तो एखादा कोर्स वाटतो. तसा कोर्स बहुधा नसतो. भाची बायोलॉजीत, इतिहासात, अगदी संगीतातही पदवी घेत असेल. त्याच चार वर्षांत ती मेडिकल स्कूलच्या अटी पुऱ्या करत असते: बायोलॉजी, फिजिक्स, दोन वर्षं केमिस्ट्री, त्यांची प्रॅक्टिकल्स, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, डॉक्टरांच्या मागे मागे फिरून काम पाहणं, प्राध्यापकांची शिफारसपत्रं. ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. एकेका काळात एकेक अडचण आली, तिच्यावर एक अट बसली, आणि अडचण सरल्यावरही अट राहिली.

एकोणिसाव्या शतकात अटी जवळपास नव्हत्याच. बहुतेक मेडिकल स्कूल डॉक्टर मंडळीच चालवत आणि फी थेट त्यांच्या खिशात जाई. पैसे घेऊन आलेल्या मुलाला परत कोण पाठवणार? १८७० च्या सुमारास हार्वर्डचे नवे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी लेखी परीक्षेचा आग्रह धरला. तेव्हा तिथल्याच एका ज्येष्ठ प्राध्यापकाची हरकत अशी होती, की आमच्या निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना धड लिहिता येत नाही, ते लेखी परीक्षा काय देणार!

याच काळात, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. वय अठरा, हाताशी कोणतीही पदवी नाही, शिक्षण बरंचसं घरी गोपाळरावांच्या धाकात झालेलं. अर्जाच्या पत्रात त्यांनी ते लपवलं नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे, ती ध्यानात घ्यावी, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. आज अर्जासोबत जो ‘पर्सनल स्टेटमेंट’ नावाचा निबंध मागतात, त्याचा इतका प्रामाणिक नमुना शोधून सापडणार नाही. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.

आणखी दहा वर्षांनी त्यांनी जॉन्स हॉपकिन्सकडे अर्ज केला असता तर मात्र तो पहिल्याच अटीला अडला असता. बाल्टिमोरमधलं हे मेडिकल स्कूल पैशाअभावी रखडलं होतं. मेरी गॅरेट या श्रीमंत बाईंनी तीन लाखांहून जास्त डॉलर देऊन पाच लाखांचा निधी पुरा केला, पण दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश द्यायचा, आणि पदवी, विज्ञान विषय, फ्रेंच व जर्मन येत असल्याशिवाय कुणालाच घ्यायचं नाही. गंमत म्हणजे ही दुसरी अट विल्यम वेल्च या तिथल्याच प्राध्यापकानं पूर्वी कागदावर आदर्श म्हणून लिहून ठेवली होती. ती खरोखर अंगावर येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. ‘आपण प्राध्यापक म्हणून आत आलो ते बरं झालं, विद्यार्थी म्हणून कुणी घेतलं नसतं,’ अशा अर्थाचं तिथलेच दुसरे प्राध्यापक विल्यम ऑस्लर त्याला गमतीनं म्हणाले. १८९३ मध्ये वर्ग सुरू झाले. म्हणजे प्री-मेडचा पाया एका देणगीदार बाईच्या हट्टानं घातला गेला.

हॉपकिन्सचा हा अपवाद देशभराचा नियम झाला तो अब्राहम फ्लेक्सनरमुळे. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, शाळा चालवणारा शिक्षक होता. कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणविषयक संस्थेसाठी त्यानं अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल स्कूलची पाहणी केली. कॉलेजची किमान दोन वर्षं मागणाऱ्या संस्था त्याला त्यात अवघ्या १६ मिळाल्या. १९१० च्या अहवालात त्यानं प्रयोगशाळा नसलेल्या, फीवर जगणाऱ्या संस्थांची नावानिशी लाज काढली. वैद्यक हे प्रयोगशाळेचं शास्त्र आहे, तेव्हा केमिस्ट्री, फिजिक्स आणि बायोलॉजी मुलांनी आधीच शिकून यावं, हा त्याचा मुद्दा. १९३० च्या आसपास त्यातून साचा ठरला, ऑरगॅनिक केमिस्ट्री धरून. तो जवळजवळ तसाच पुढं चालत आला.

या सुधारणेची किंमत कुणी मोजली हे सांगायला हवं. कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल स्कूलपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच टिकल्या. कॉलेजची जादा वर्षं न परवडणारी गरीब मुलं बाहेरच राहिली.

दंतवैद्यकात हीच गोष्ट थोडी उशिरा घडली. बाल्टिमोरमध्ये १८४० मध्ये जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं होतं, पण त्या क्षेत्राचा ‘फ्लेक्सनर’ १९२६ मध्ये आला. कोलंबिया विद्यापीठाचे बायोकेमिस्ट विल्यम गीज यांचा तो अहवाल, तोही कार्नेगी फाउंडेशनचाच. पुढं डेंटल प्रवेशपरीक्षेत खडू कोरून आकार काढावा लागे. १९७० च्या दशकात ते गेलं आणि आकृत्या ओळखण्याचे कागदी प्रश्न आले.

एमकॅटचं मूळ गळतीत आहे. १९२० च्या दशकात काही मेडिकल स्कूलमधून निम्मे विद्यार्थी मध्येच गळत. कोण टिकेल हे आधीच ओळखता यावं म्हणून १९२८ मध्ये फ्रेड मॉस यांनी चाचणी तयार केली, तिची पुढची आवृत्ती म्हणजे एमकॅट. गळती केव्हाच आटोक्यात आली. परीक्षा मात्र वाढत गेली. २०१५ पासून तिच्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आहे, आणि ती साडेसात तासांच्या घरात जाते.

गुणांखेरीज ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याच्या पद्धतीचा इतिहास स्वच्छ नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान कित्येक नामवंत संस्थांनी याच निकषाच्या आडून ज्यू विद्यार्थ्यांची संख्या गुपचूप रोखून धरली होती. नंतर उलट दिशेचा वाद झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल स्कूलनं १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या होत्या. १९७८ च्या ‘बाकी’ (हे प्रवेश नाकारलेल्या अर्जदाराचं आडनाव) खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरावीक जागा रद्द केल्या, पण वंश हा अनेकांतला एक निकष राहू दिला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं तीही वाट बंद केली. आरक्षणाचा आकडा उघड सांगण्याची सवय असलेल्या आपल्याला ही लपाछपी विचित्र वाटते.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाचून चालतं का, हे न्यूयॉर्कच्या माउंट सायनायनं १९८७ पासून करून पाहिलं. मानव्यशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना एमकॅट आणि ऑरगॅनिकशिवाय घेतलं. ते मागं पडले नाहीत, असं तिथल्याच प्राध्यापकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. तरीही बहुतेक ठिकाणी हा विषय आहेच.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेची दारं उघडल्यावर मुंबई-पुण्याहून गेलेले मराठी डॉक्टर इंटर सायन्सनंतर थेट एमबीबीएसला गेलेले होते. आपल्या मुलानं आधी चार वर्षं पदवी आणि मग चार वर्षं मेडिकल करायचं, हे अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतं. त्यामुळे शाळेतून थेट घेणाऱ्या जोडअभ्यासक्रमांकडे त्यांचा ओढा असतो; मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतला सहा वर्षांचा अभ्यासक्रम १९७१ पासून चालू आहे. पण तिथल्या जागा मोजक्या, आणि रुग्णालयात काय पाहिलं, काय केलं हे अठराव्या वर्षीच अर्जात दाखवावं लागतं.