एकच ‘पात्र’, दोन अर्थ: पुनर्वसनाचे घर आणि सोडतीचे घर

पुण्याच्या मध्यवस्तीतील एका झोपडपट्टीच्या समाजमंदिरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा लोकांचे कागद तपासून देण्यासाठी बसतो. मागच्या वेळी एक मावशी आल्या. त्यांनी जाड प्लास्टिकची पिशवी उघडून सतरंजीवर एकेक कागद मांडला: नवऱ्याचा तरुणपणीचा फोटो असलेला महापालिकेचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे ओळखपत्र, विजेची जुनी बिले, मतदारयादीच्या पानाची पुसट झेरॉक्स, आणि सर्वांत वर, घडीसुद्धा न मोडलेला, उत्पन्नाचा ताजा दाखला. हा कशाला काढला, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘एसआरएला लागतो असं एजंट म्हणाला, दादा.’ त्यांच्यासोबत आलेल्या मुलाला म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरायचा होता आणि त्याने त्यासाठी आईचा फोटोपास स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवला होता. आईला एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, घरासाठी उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नव्हती आणि मुलाला सोडतीसाठी फोटोपासचा काडीचा उपयोग नव्हता. तरीही दोघांना एकाच माणसाने एकच वाक्य सांगितले होते: ‘तुम्ही पात्र आहात.’

हा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याचे मूळ या एका शब्दातच आहे, अशी माझी खात्री झाली आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर आणि म्हाडा किंवा पंतप्रधान आवास योजनेतील सोडतीचे घर यांना लोक सरसकट ‘सरकारी घर’ म्हणतात, काही जण तर सगळ्यालाच ‘म्हाडा’ म्हणतात. तेवढे चालवून घेता येईल, पण दोन्हीकडच्या कागदांवर छापलेल्या ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ एकच आहे असे समजले, की माणूस चुकीच्या खिडकीसमोर उभा राहतो आणि नेमक्या त्याच काळात योग्य खिडकी बंद होते.

सोडतीचे घर बहुतेकांना माहीत असते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. म्हाडाचे पुणे मंडळ संगणकीय सोडत काढते. २०२२ मध्ये बदललेल्या मर्यादांनुसार पुणे महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट धरला जातो. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची मूळ मर्यादा ३ लाख रुपये आहे, आणि भागीदारीतून बांधलेल्या घरांसाठी केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अनुदान ठरलेले होते. म्हणजे साडेचार लाख कमावणारा माणूस म्हाडाकडे अत्यल्प गटात बसतो आणि केंद्राच्या मूळ निकषांत अल्प गटात जातो. हा फरक त्रासदायक असला तरी जाहिरात नीट वाचली की कळतो. बिल्डरांच्या फलकांवरचे ‘अफोर्डेबल’ मात्र या कुठल्याही हिशेबात धरू नये. जीएसटीच्या व्याख्येतील महानगरांच्या यादीत पुणे नाही, त्यामुळे येथे ९० चौरस मीटर चटईक्षेत्राचे, ४५ लाख रुपयांपर्यंतचे घरही ‘परवडणारे’ ठरते, आणि ते नक्की कोणाला परवडते हे फलक लावणाऱ्यांनीच सांगावे.

आता मुख्य मुद्दा. सोडतीत तुम्ही पात्र आहात, याचा अर्थ तुमचे नाव सोडतीत धरले जाईल, एवढाच. शासन तुम्हाला घर देणे लागत नाही. हजारो पात्र अर्जदारांतून घरे असतील तितकी नावे निघतात आणि बाकीचे पात्र लोक पुढच्या जाहिरातीची वाट पाहतात. पुनर्वसनात तुम्ही पात्र आहात, याचा अर्थ तुमची झोपडी पाडली जाणार असेल तर तिच्या बदल्यात तुम्हाला घर देणे बंधनकारक आहे. तेथे चिठ्ठी निघत असेल तर ती कोणता मजला आणि कोणती सदनिका एवढ्यापुरतीच. घर मिळणार की नाही, हा प्रश्न चिठ्ठीवर सोडलेला नसतो. म्हणूनच पुनर्वसनातील रहिवाशाला ‘लाभार्थी’ म्हटलेले मला खपत नाही. त्याला कोणी लाभ देत नाही. त्याच्या पायाखालच्या जागेवर जो जादा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, मिळतो, त्यातून विक्रीची इमारत उभी राहते आणि त्याच्या घराचा खर्च त्या विक्रीतूनच निघतो.

अर्थ वेगळे आहेत, कारण पात्रता ज्यावर ठरते ती गोष्टच वेगळी आहे. सोडतीत माणसाचे उत्पन्न आणि त्याच्या नावावर घर नसणे पाहिले जाते. पुनर्वसनात झोपडी आणि तारीख पाहिली जाते. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यातील तरतुदींनुसार १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीत प्रत्यक्ष राहणाऱ्याला संरक्षण आहे, आणि त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला सशुल्क पुनर्वसन मिळू शकते. तुम्ही महिन्याला किती कमावता, हा प्रश्न येथे नाहीच. प्रश्न दोन आहेत: त्या तारखेला ही झोपडी होती का, आणि आज तिच्यात तुम्ही राहता का. पहिल्याचे उत्तर जुनी मतदारयादी, वीजबिल, फोटोपास, कर भरल्याची पावती देते, आणि दुसऱ्याचे उत्तर सर्वेक्षणाच्या दिवशी दारात उभा असलेला माणूस देतो. यांपैकी एकाचाच पुरावा असेल तर साखळी तुटते. नोटरीच्या कागदावर झोपडी विकत घेतलेल्यांची अडचण येथेच होते: आज ते राहतात हे उघड असते, पण जुने कागद आधीच्या मालकाच्या नावावर असतात आणि तो आता गावी गेलेला असतो. फोटोपासवरचा नवरा वारलेला असेल आणि वारसनोंद केलेली नसेल, तर विधवेलाही हाच त्रास होतो.

दुसरा फरक मोजणीचा आहे आणि घरोघरी भांडणे त्यावरूनच होतात. पुनर्वसनात झोपडी मोजली जाते. एका झोपडीत तीन भाऊ आपापल्या बायकामुलांसह राहत असले तरी घर एकच मिळते, हे कितीही अन्यायाचे वाटले तरी तसेच आहे. आवास योजनेत कुटुंब मोजले जाते आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले, म्हणून लग्न झालेला मुलगा स्वतंत्र कुटुंब ठरतो. देशात कोठेही पक्के घर त्याच्या कुटुंबाच्या नावावर नसावे, ही अट असते. म्हाडात अर्जदार, त्याचा जोडीदार आणि अल्पवयीन मुले यांच्या नावावर संबंधित शहराच्या हद्दीत घर नसावे, अशी अट असते. याचा सरळ परिणाम असा की, आईला पुनर्वसनाचे घर मिळाले म्हणून विवाहित मुलाची सोडतीतील संधी आपोआप जात नाही. ती कधी जाते? पुनर्वसनाच्या सदनिकेवर ‘पुढे कटकट नको’ म्हणून त्याचेही नाव लावले तर. हा सल्ला वस्तीत जो तो देतो आणि तो देणाऱ्यांवर मला मनापासून राग आहे, कारण एका सहीने मुलगा घरमालक होतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘माझ्या नावावर घर नाही’ असे प्रतिज्ञापत्र त्याला खरेपणाने करता येत नाही.

पात्रता कोठे ठरते, हेही लक्षात ठेवायला हवे. सोडतीत ती तुमच्या अर्जावरून ठरते. पुनर्वसनात अर्ज नसतो, यादी असते. सर्वेक्षणानंतर सक्षम प्राधिकारी प्रारूप परिशिष्ट-२ प्रसिद्ध करतो, त्यात प्रत्येक झोपडीपुढे पात्र, अपात्र किंवा तत्सम शेरा असतो, त्यावर हरकती मागवल्या जातात आणि मग यादी अंतिम होते. अंतिम यादीविरुद्ध अपील करता येते, पण प्रारूपाच्या टप्प्यावर एका पानाच्या हरकतीने होणारे काम अपिलात वर्षभर चालते. एवढी महत्त्वाची यादी सूचनाफलकावर चिकटवली जाते आणि लोक ती वाचत नाहीत, कारण ‘आपला अर्ज दिलाय’ अशी त्यांची समजूत असते. माझे स्पष्ट मत आहे की, ज्या दिवशी प्रारूप लागेल त्याच संध्याकाळी ते गल्लीगल्लीत मोठ्याने वाचले पाहिजे: घर क्रमांक, नाव, शेरा. मंडळांकडे गणपतीचे ध्वनिक्षेपक असतातच, ते वर्षातून एक दिवस या कामाला लावावेत.

वस्तीने एकत्र येऊन काय करावे, याचेही उत्तर या फरकावरूनच बदलते. पुनर्वसनात सामूहिक ताकद योजनेतच आहे. विकसकाच्या योजनेला निम्म्याहून अधिक झोपडीधारकांची संमती लागते, रहिवाशांची संस्था स्थापन होते आणि तिच्या सर्वसाधारण सभेत विकसक निवडला जातो. कोऱ्या संमतीपत्रावर सही करून ही ताकद लोक चहाच्या कपाएवढ्या किमतीला विकतात. संक्रमण काळातील, म्हणजे नवे घर मिळेपर्यंतचे, भाडे कोण, किती आणि किती महिन्यांचे आगाऊ देणार, हे करारनाम्यात लिहून घेईपर्यंत संमती देऊ नये. घर रिकामे केल्यानंतर बोलणी करायला हातात काही उरत नाही.

सोडतीत मात्र गट करून काही साधत नाही. संगणकापुढे मोर्चा नेता येत नाही, आणि ‘म्हाडात ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तेथे सामूहिक काम सोडतीच्या फार आधी करायचे असते: सोडतीत मुळात किती घरे येणार, यावर. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात मूळ चटईक्षेत्राच्या २० टक्के इतकी ३० ते ५० चौरस मीटरची घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि त्यांचे वाटप म्हाडामार्फत होते. ‘म्हाडाची वीस टक्के योजना’ म्हणतात ती हीच. ही घरे खासगी प्रकल्पांतून येतात, त्यामुळे ती खरोखर बांधली आणि कळवली जातात का, यावर कोणाचे तरी लक्ष हवे. नाशिकमधील अशा घरांचा प्रश्न २०२२ मध्ये विधान परिषदेपर्यंत गेला होता. आपल्या प्रभागात चार हजार चौरस मीटरवरच्या किती प्रकल्पांना बांधकाम परवानगी मिळाली आणि त्यांतील किती घरांची माहिती म्हाडाला गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा अर्ज दहा रुपयांचा आहे आणि माझ्या मते ‘आम्हाला घर द्या’ अशा शंभर निवेदनांपेक्षा तो कामाचा आहे.

त्याहून आधीची पायरी विकास आराखड्याची. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. उद्याची घरे कोठे होणार, हे अशा भागांतील आराखड्यांच्या आरक्षणांवरून, म्हणजे कोणती जमीन कशासाठी राखून ठेवली यावरून, ठरते. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना देता येतात, पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते, आणि एखादे आरक्षण नंतर बदलायचे झाले तर कलम ३७ खाली पुन्हा सूचना काढावी लागते. २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) प्रारूप आराखड्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि तो आराखडा अखेर रद्द झाला, तेव्हा हरकतींना कोणी विचारत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. पण एकाच मजकुराच्या छापील अर्जांचे गठ्ठे देण्याची पद्धत मला पसंत नाही. त्यातून एकच मुद्दा हजारदा मोजला जातो. सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि ‘हे घरांसाठीचे आरक्षण वगळू नये’ अशी नेमकी मागणी असलेल्या वीस वेगवेगळ्या हरकती बऱ्या. पुण्यात २००६ पासून चालत आलेल्या सहभागी अंदाजपत्रकाच्या, म्हणजे नागरिकांनी आपल्या भागातील कामे सुचवायच्या, अर्जात घरकुल मागणेही असेच वाया जाते, कारण तेथे एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये आहे. त्यातून गल्लीतला दिवा, फार तर स्वच्छतागृहाची दुरुस्ती होते.

पुनर्वसन आणि सोडत या दोन्हींत न बसणारे एक उदाहरण पुण्यातच आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात येरवड्यातील वस्त्यांमध्ये लोकांना न हलवता, गल्ल्या तशाच ठेवून, कच्ची घरे त्याच जागी पक्की करण्यात आली. खर्चाचा साधारण दहा टक्के वाटा रहिवाशांचा होता आणि महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या सदस्य सर्वेक्षणापासून कामात होत्या. कोण कोठे राहते हे त्या ओळखत होत्या, त्यामुळे दाराला कुलूप दिसले म्हणून तेथे कोणी राहत नाही असा निष्कर्ष काढण्याची वेळ येत नव्हती.

मावशींच्या बाबतीत मात्र नेमका तोच निष्कर्ष काढला गेला होता. मुलाला त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा पुरावा आणि अधिवास प्रमाणपत्र काढायला सांगून झाल्यावर आम्ही त्यांच्या वस्तीचे प्रारूप परिशिष्ट-२ उघडले, तर त्यांच्या घरापुढे ‘बंद’ असा शेरा होता. सर्वेक्षण झाले त्या सकाळी त्या चार घरची धुणीभांडी करायला गेल्या होत्या आणि नवरा हयात नव्हता. हरकतीची मुदत संपायला तीन दिवस होते. शेजारच्या पाच घरांच्या सह्या, मागील वर्षभराची वीजबिले, फोटोपासची प्रत आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला जोडून हरकत लिहिली. सोमवारी कामावर खाडा करून त्या स्वतः ती देऊन आल्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेऊन आल्या. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.