जिनिव्हाचा कागद केजपर्यंत का येत नाही
पोलीस ॲक्शन झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. पुढे ८४ दिवसांनी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यात 'सर्व पुरुष' न म्हणता 'सर्व माणसं' म्हणावं, हा आग्रह भारताच्या हंसा मेहतांचा. हा जाहीरनामा आज संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मराठीतही वाचता येतो. अडचण सुरू होते ती त्यानंतरच्या कागदांपासून, म्हणजे हक्क कसे पाळले यावर सरकार जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांना देतं त्या अहवालांपासून.

१९६६ च्या दोन मोठ्या करारांनी, म्हणजे नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या, सरकारांना संयुक्त राष्ट्रांकडे अहवाल पाठवायला लावलं. तो आपल्या लोकांनाही दाखवा, असं मात्र त्यांत कुठेच म्हटलं नव्हतं. भारत त्यांत १९७९ मध्ये सामील झाला. लोकांना सांगण्याचं बंधन पहिल्यांदा ठळकपणे आलं ते १९८९ च्या बालहक्क करारात. कलम ४२ म्हणतं, करारातली तत्त्वं मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून द्या. कलम ४४ म्हणतं, अहवाल देशात सर्वत्र उपलब्ध करा. २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या करारानेही हेच बंधन घातलं. तोवर इंटरनेट आलं होतं, त्यामुळे छपाई-वाटपाच्या खर्चाची सबब उरली नव्हती.

पॅराग्वेने 'सिमोरे' नावाची ऑनलाइन व्यवस्था उभारली. संयुक्त राष्ट्रांनी कोणती शिफारस केली आणि त्यावर कोणत्या खात्याने काय केलं, हे तिथे कुणालाही पाहता येतं. आपल्याकडे विषय खात्याखात्यांत वाटला गेला आहे. मुलं आणि महिला एका मंत्रालयाकडे, अपंग दुसऱ्याकडे, नागरी हक्क परराष्ट्र खात्याकडे. शोधणाऱ्याने आधी खातं ओळखायचं, मग इंग्रजी वाचायचं. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत ना मराठी आहे ना हिंदी. नागरी हक्कांवर संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे भारताची सुनावणी १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाली. ती लातूरच्या पोरालाही मोबाइलवर बघता आली असती, पण अशी काही सुनावणी आहे हे त्याला सांगणार कोण?

याची झळ कुठे लागते ते पाहायचं तर दिवाळीनंतरचा बीड जिल्हा पाहा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. लेकरं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिली तर शाळा टिकते, नाहीतर ती आई-बापाबरोबर उसाच्या फडावर. ११ डिसेंबर १९९२ ला बालहक्क करारात सामील होताना भारताने नेमक्या कलम ३२ वर, म्हणजे बालमजुरीवर, वेगळं निवेदन नोंदवलं होतं: हे कलम टप्प्याटप्प्याने राबवू, कारण प्रत्येक कामासाठी किमान वय आत्ताच ठरवणं शक्य नाही. हे निवेदन ऑनलाइन आहे. पण ज्यांच्या लेकरांबद्दल ते आहे, त्यांच्या भाषेत नाही. याउलट राज्याचा शासन निर्णय मराठीत निघतो, संकेतांकासह संकेतस्थळावर चढतो आणि सेतू केंद्रावर कुणीही त्याची प्रिंट मागतो. म्हणजे जमत नाही असं नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४) आपणहून द्यायच्या माहितीबाबत स्थानिक भाषा लक्षात घ्यायला सांगतं, आणि त्यातल्या माध्यमांच्या यादीत सूचनाफलकाबरोबर इंटरनेटही आहे. शिवाय अर्ज त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केजमधला माणूस दिल्लीच्या मंत्रालयाला १० रुपये भरून मराठीतच विचारू शकतो, की बालहक्कांवरचा तुमचा शेवटचा अहवाल मराठीत कुठे ठेवला आहे.