एका मोदकाने डाएट वाया जात नाही हो!

गणपतीत दरवर्षी हेच ऐकू येतं, एक मोदक खाल्ला की आठवडाभराची मेहनत पाण्यात. साफ चूक. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, आणि उकडीचा मोदक आकाराप्रमाणे दीडशेच्या आसपास, वर तुपाची धार (ती हवीच, त्याशिवाय काय मजा) म्हणजे अजून चाळीस-पन्नास धरा, तर किलोभर चरबी चढायला असे अडतीस-चाळीस मोदक लागतील, तेही रोजच्या जेवणाच्या वर.

मग दुसऱ्या दिवशी काटा वर का? ते बहुतेक पाणी असतं. गोड, भात खाल्लं की शरीर ग्लायकोजेन (साखरेचं राखीव रूप) साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, शिवाय पापड-लोणच्याचं मीठ. दोन-तीन दिवसांत उतरतं.

खरा घोळ पुढे होतो. "आता मोडलंच आहे तर" म्हणून अजून चार, संध्याकाळी फरसाण, रात्री फ्रीजसमोर उभ्याउभ्या उरलेली खीर, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास, म्हणजे काय तर वाडगाभर साबुदाणा खिचडी! मी हे कित्येक वर्षं केलंय. आता पानात दोन वाढून घेते, कळी मोडून तूप आत मुरू देते, सावकाश खाते. रात्री नेहमीचीच भाजी-भाकरी.