व्यायाम कमी असणं आणि बसणं जास्त असणं, ही एकच भानगड नाही हो

परवा परत तेच. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर चालून झाल्यावर आम्ही पाच-सहा रिटायर्ड मंडळी भाजी-पाव खायला बसलो होतो. त्यातल्या एकाचे रिपोर्ट आले होते, तीन महिन्यांची शुगर 7.1, आणि माणूस खरोखर दुखावलेला. "हांव सदांच चलतां मरे! (मी रोजच चालतो रे!) पावसात पण चुकवत नाही, मग मला कसा काय डायबिटीस?" झालं, लगेच सल्ले सुरू. दोन किलोमीटर वाढव, मेथीचं पाणी पी, आंबा सोड. पण घरी गेल्यावर तू दिवसभर करतोस काय, हे त्याला एकानेही विचारलं नाही.

आपल्याकडे "व्यायाम नाही" आणि "बसून असतो" या दोन गोष्टी एकाच वाक्यात, एकाच श्वासात बोलतात. सकाळी चाललो की दोन्ही मिटल्या असं धरून चालतात. साठीनंतरच्या पुरुषांमध्ये तर हा घोळ इतका पक्का बसलाय की डॉक्टरने विचारलं "ॲक्टिव्ह आहात का" तर उत्तर येतं "हो, रोज पाऊण तास", आणि विषय संपतो.

व्यायामाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असं चालणं किंवा सायकल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, 65 च्या पुढे तोल सांभाळण्याचे पण, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय. (ताकदीचा भाग सगळे गाळतात, डंबेल म्हणजे पोरांचं काम असं समजून, हे मला अजिबात पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

आता बसणं. याची व्याख्या लोक वाचत नाहीत म्हणून घोळ होतो. जागेपणी, बसलेलं किंवा लोळलेलं असताना शरीर जवळजवळ काहीच खर्च करत नाही, तो सगळा वेळ बैठा. झोप यात धरत नाहीत. म्हणजे दुपारी खरोखर घोरत असाल तर ती झोप, पण सोफ्यावर आडवं होऊन मोबाईलवर व्हिडिओ ढकलत असाल तर ते बसणंच.

आमच्या भावोजींचा दिवस सांगतो. वय 68, फोंड्याला राहतात, सकाळी साडेपाचला निघून पाच किलोमीटर चालतात, आणि चांगले झपझप, मी मागे पडतो. साडेसातला घरी. मग पेपर, मग नाश्ता, मग दोन तास फोन. एक वाजता उकड्या तांदळाचं शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा, पोट भरून, आणि त्याच खुर्चीत मागे रेलून डुलकी. चारला चहा, पाव. संध्याकाळी बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) शेजाऱ्यांशी गप्पा, तेही बसून. साडेसातपासून टीव्ही, नऊला जेवण टीव्हीसमोरच, साडेदहाला झोप. डुलकी आणि किरकोळ उठबस वजा करून मी हिशेब केला तर अकरा तासांच्या वर बसणं निघालं. माणूस व्यायाम करतो का? करतो, माझ्यापेक्षा चांगला करतो. माणूस बैठा आहे का? आहे, चांगलाच. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि नेमकं इथेच लोकांचं गाडं अडतं.

का अडतं ते सांगतो. जेवणातली साखर रक्तात आली की ती जिरवण्याचं मोठं कोठार म्हणजे स्नायू, त्यातही मांड्या-पोटऱ्यांचे, कारण ते सगळ्यात मोठे. कोठाराचं दार इन्शुलिन उघडतं. वय वाढलं, पोट सुटलं, स्नायू आटले की दार इन्शुलिनला नीट दाद देईनासं होतं. पण त्याच कोठाराला मागचं दार पण आहे. स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेणारे वाहक (ग्लूट-फोर म्हणतात त्यांना) इन्शुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे नुसतं उठून चाललं तरी मागचं दार उघडतं, बसलं की थोड्या वेळाने मिटायला लागतं. सकाळच्या चालण्याने पुढच्या दारालाही तेलपाणी होतं, त्याचा फायदा दिवसभर, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरतो, ते खोटं नाही. पण दुपारी एक वाजता शिताचा डोंगर उतरतो तेव्हा साडेपाचला उघडलेलं मागचं दार केव्हाच लोटलेलं असतं, आणि भावोजी तर खुर्चीत.

हे नुसतं माझं डोकं नाही. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डन्स्टन यांच्या गटाने 45 ते 65 वयाच्या जाड लोकांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं. एकदा सलग, आणि एकदा दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला उठवून. उठवलं त्या दिवशी जेवणानंतरची साखर हळू चालण्यानेही 24 टक्के कमी चढली. दोन मिनिटं हो, घाम पण येत नाही. दुसरा अभ्यास तर आपल्याच वयाचा, 2013 चा, साठी ओलांडलेले आणि साखर काठावर असलेले लोक. सकाळी सलग 45 मिनिटं चालणं एकीकडे, आणि तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं दुसरीकडे. दिवसभराच्या साखरेला दोन्ही चाललं, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरली ती जेवणानंतरच्या चालण्यानेच. माणसं दहाच होती, त्यामुळे मी त्यावर देऊळ बांधत नाही, पण मिनिटं सारखीच असून वेळ बदलल्यावर फरक पडला हे लक्षात घ्या.

आता कुणीतरी म्हणणार, मग सकाळचं चालणं बंद करू? नको रे बाबा. 2016 मध्ये दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून बघितलं, तर जे रोज 60 ते 75 मिनिटं बऱ्यापैकी जोरात हालचाल करतात त्यांच्यात दिवसाला आठ तासांहून जास्त बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला. म्हणजे एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्याचं कर्ज काही प्रमाणात फेडते. (बँकेत आयुष्य गेलं, भाषा सुटत नाही.) पण तासाभराच्या वर, आणि जोरात. आमच्या मिरामारच्या कंपूची चाल म्हणजे चाळीस मिनिटं, त्यातली दहा राजकारणावर थांबून. आणि त्याच अभ्यासात टीव्हीसमोर रोज पाच-पाच तास काढणाऱ्यांचा धोका पूर्ण पुसला गेला नाही. मरण पुढे ढकललं म्हणजे जेवणानंतरची साखरही आटोक्यात आली असंही नाही, तो हिशेब वेगळा.

व्यायाम आणि हालचाल यातला फरक मला कंडक्टरमुळे कळला. आपल्या प्रायव्हेट बसचा कंडक्टर बघा, "पणजी पणजी पणजी" करत दारात लोंबकळतो, उतरतो, बस ठोकतो, परत चढतो, गर्दीतून मागे जाऊन तिकिटं काढतो. त्याला विचारा व्यायाम करतोस का, हसेल. 1953 मध्ये लंडनला जेरी मॉरिस या डॉक्टरने नेमकं हेच मोजलं होतं. डबल-डेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असलेल्या ड्रायव्हरांना जास्त. नंतर त्यांनी युनिफॉर्मच्या पँटींची कंबरमापं काढली, तर ड्रायव्हरांची कंबर मोठी.

उलटा घोळही आहे, तो थोडक्यात. कुळागरात (सुपारीच्या बागेत) दिवसभर वावरणारा म्हणतो मला व्यायामाची गरज नाही. बागेत खरंच कुदळ मारत असेल, सुपारीची पोती उचलत असेल तर मान्य. पण नुसतं गड्यांवर देखरेख करत हळूहळू फिरत असेल तर बसणं कमी झालं, छातीला दम लागायचं काम मात्र झालंच नाही.

बाकी फरक किरकोळ. नुसतं उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, त्याने साखरेला चालण्याइतका फायदा होत नाही. आणि ते दहा हजार पावलांचं वेड सोडा. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मीटर', आकडा तिथून आला. घड्याळात सकाळी आठलाच सात हजार दिसले की माणूस दिवसभर निर्धास्त बसतो, म्हणून मला ते घड्याळच आवडत नाही. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीय पुरुषाला कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध मापलेली. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण सगळे पोटाखाली नेसतो.

आणि गोव्यात हे लिहायचं कारण आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या सर्व्हेत (2023 ला छापून आला) सगळ्यात जास्त डायबिटीस आपल्याकडे निघाला, 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4. सुशेगाद (निवांत) म्हणून कौतुक होतं ते होवो, पण पुरुष रिटायर झाला की खुर्चीतच रिटायर होतो, त्याची बायको मात्र सत्तराव्या वर्षी पण रांधपाच्या कुडीतून (स्वयंपाकघरातून) दहा वेळा आत-बाहेर करत असते.

भावोजींना मी एवढंच सांगितलं की सकाळचं तसंच ठेवा, दुपारी आणि रात्री जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं फेरी मारा, मध्ये अर्ध्या तासाला एकदा उठा. ते डायबिटीसची गोळी घेतात म्हणून आधी डॉक्टरांना विचारायला लावलं, काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने चालताना साखर एकदम उतरू शकते. रात्रीची फेरी पहिल्या आठवड्यात वाड्यावरच्या कुत्र्यांनी बंद पाडली, आता काठी घेऊन जातात. अर्ध्या तासाला उठणं काही जमेना. शेवटी ताईने त्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावरचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. दोन दिवस घरात अबोला होता.