कंट्रोल्ड व्हेंटिलेशन

कंट्रोल्ड मेकॅनिकल व्हेंटिलेशन म्हणजे पेशंटचा श्वास पूर्णपणे मशीनच्या ताब्यात देणं. मिनिटाला किती श्वास, एका श्वासात किती हवा, ऑक्सिजन किती टक्के हे सगळं डॉक्टर सेट करतात आणि पेशंटने मधेच स्वतः श्वास ओढला तरी मशीन त्याला जुमानत नाही, म्हणून हा मोड भुलीखालच्या किंवा श्वासाचे स्नायूच बंद पडलेल्या पेशंटला चालतो, बाकीचे मशीनशी झगडतात.

एरवी छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. इथे उलटं, श्वासनलिकेत टाकलेल्या नळीतून हवा दाबाने आत ढकलतात, बाहेर ती आपसूक येते, आणि फुप्फुसं मिटू नयेत म्हणून शेवटी थोडा दाब शिल्लक ठेवतात, त्याला पीप म्हणतात.

ही पद्धत रुळली ती 1952 च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत. पहिल्या काही आठवड्यांत श्वास अडकलेल्या 31 पेशंटपैकी 27 दगावले, मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला सर्जनकडून छेद देऊन नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. ती जगली! पुढे साधारण 1500 विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आयसीयूची सुरुवात इथूनच मानतात.

हवा जास्त भरली तर फुप्फुसं फाटू शकतात. आजारी फुप्फुसांना उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे दर श्वासाला 12 ऐवजी 6 मिली हवा दिली तर मृत्यू कमी होतात हे अमेरिकेतल्या 2000 सालच्या चाचणीत दिसलं.

आपल्याकडे ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं’ असं सर्रास बोलतात, ते मण्यार चावलेल्या पेशंटच्या बाबतीत तर साफ चूक आहे. विषाने पापणीसुद्धा उचलता येत नाही, श्वास थांबतो, पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो (म्हणून त्याच्या उशाशी काहीबाही बोलू नये), आणि लकवा पूर्ण बसल्यावर सर्पविषावरच्या इंजेक्शनाचाही फार उपयोग होत नाही, नसा सावरेपर्यंत काही दिवस मशीनने श्वास दिला की असे पेशंट चालत घरी जातात.

तोटाही आहे. आयता श्वास मिळाला की श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू) दोनतीन दिवसांतच बारीक व्हायला लागतं, न्यूमोनियाची भीती वेगळी. त्यामुळे हल्ली शक्य तितक्या लवकर पेशंटच्या प्रयत्नाला साथ देणाऱ्या मोडवर आणतात, मग अर्धा ते दोन तास मशीनचा आधार अगदी कमी करून बघतात, जमलं तर नळी काढतात.