नऊ आकृत्यांची वजाबाकी

किशोरवयीन मुलामुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या आज ढिगानं आहेत. पण या मोजणीची सुरुवातीची बरीचशी साधनं मुळात त्यांच्यासाठी बनलेलीच नव्हती.

‘देहप्रतिमा’, म्हणजे स्वतःच्या शरीराचं मनातलं चित्र, या कल्पनेला मानसशास्त्रात रुजवलं ते व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांच्या 1935 च्या पुस्तकानं. तिला आकडा लावला सेकॉर्ड आणि जुरार्ड यांनी, 1953 मध्ये. शरीराचे अवयव आणि क्रिया मिळून 46 बाबींची यादी, आणि प्रत्येकीला समाधानाचे एक ते पाच गुण. पुढे हा विषय दवाखान्यात शिरला. 1962 मध्ये मनोविकारतज्ज्ञ हिल्ड ब्रुक यांनी ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणं टाळण्याच्या आजाराच्या, मुळाशी देहप्रतिमेतला बिघाड असल्याचं मांडलं. 1973 मध्ये स्लेड आणि रसेल यांनी अशा रुग्णांना स्वतःच्या अंगाची रुंदी अंदाजानं दाखवायला लावली. रुग्णांनी ती खऱ्यापेक्षा जास्त दाखवली.

सगळ्यांत गाजलेलं साधन मात्र आलं लठ्ठपणाच्या संशोधनातून. लठ्ठपणा कितपत आनुवंशिक, हे डेन्मार्कमधल्या दत्तकांच्या नोंदींवरून तपासताना स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये पुरुषांच्या नऊ आणि स्त्रियांच्या नऊ आकृत्या वापरल्या, काटकुळ्यापासून लठ्ठापर्यंत. दोनच वर्षांनी फॅलन आणि रोझिन यांनी त्याच आकृत्या अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्यांपुढे ठेवून विचारलं: तुम्ही यातले कोणते? आणि कोणतं व्हायला आवडेल? दोन उत्तरांची वजाबाकी म्हणजे असमाधान. मुलींना सरासरीनं बारीक व्हायचं होतं. मुलांची सरासरी शून्याच्या आसपास आली, म्हणजे मुलगे खूश!

गोम सरासरीतच होती. काही मुलग्यांना बारीक व्हायचं होतं, तर जवळपास तितक्यांनाच अंगानं भरायचं होतं. उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकत होते. 1988 मध्ये सिल्बरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. तरी मुलांच्या पिळदार अंगाच्या ओढीवर स्वतंत्र प्रश्नावली यायला 2000 साल उजाडलं. मॅक्रेरी आणि सॅसे यांची ती 15 विधानं निदान शाळकरी वयातल्या मुलामुलींवरच तपासलेली होती.

2001 मध्ये मेंडेलसन आणि व्हाइट यांच्या 23 विधानांच्या मापनात दिसणं, वजन आणि ‘लोकांना मी कशी वाटते’ हे तीन भाग वेगळे काढले गेले. मला हा बदल आकृत्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण पंधराव्या वर्षी आरशाइतकाच वर्गही छळतो. 2005 पासून तर असमाधानाऐवजी शरीराबद्दलचा आदर मोजणाऱ्या प्रश्नावल्या आल्या. 2017 मध्ये त्यातल्या एकीची लहान मुलांसाठीची आवृत्तीही निघाली.

आपल्याकडे या आकृत्या वापरताना एक अडचण उरतेच. त्या नुसत्या काळ्या रेघांच्या आहेत. त्यात जाडी आहे, रंग नाही. 1975 पासून गोरेपणाचं क्रीम विकत घेणाऱ्या देशात ‘सावळी आहे’ हे दुखणं त्या नऊ चित्रांत कुठेच बसत नाही. त्यासाठी प्रश्न वेगळाच विचारावा लागतो.